दर्ग्याच्या विहिरीचं पाणी

आमच्या मठातले अद्वयानंद स्वामी देवळात आणि दर्ग्यात सारखेच हात जोडायचे. संशयी रावसाहेब देशमुखांना ते खुपायचं. एकदा गाव गोळा करून त्यांनी स्वामींचा कमंडलू हिसकावला.

"यात दर्ग्याच्या विहिरीचं पाणी निघालं, तर मठ सोडायचा, बुवा!"

"ओळखणार कसं?" स्वामींनी विचारलं.

रावसाहेबांनी घोट तोंडात घोळवला, थुंकला आणि ते ओरडले, "तेच! तेच गोड पाणी! देवळाच्या विहिरीचं मचूळ असतं."

स्वामी हसले. "दर्ग्याचंच आहे. मी रोज पितो. पण 'तेच' म्हणालात, रावसाहेब. तुम्ही कधीपासून पिता?"

गाव खदखदा हसलं. मी तर तोंडाला पदरही लावला नाही. स्वामी मठातच राहिले, आणि देशमुखांची घागर दिवसाढवळ्या दर्ग्याच्या विहिरीवर जाऊ लागली.