कातलेली वाटी

फार पूर्वी शूर्पारक बंदरावर धृतसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व कासाराच्या कुळात जन्मला. त्याचे नाव नंदिल. पुढे तो साऱ्या कासारवाडीचा प्रमुख झाला.

एका वर्षी समुद्रापलीकडून काशाच्या वाट्यांनी भरलेली गलबते आली. वाट्या पातळ, गुळगुळीत आणि निम्म्या किमतीच्या. सहा महिन्यांत कासारवाडीतल्या साठ भट्ट्यांपैकी चाळीस विझल्या.

तेव्हा त्या वाट्या आणणारा व्यापारी सोमिल नंदिलकडे आला. "प्रमुख, उरलेल्या भट्ट्याही विझवा. माझ्या मालावर तुमचा शिक्का मारा आणि घरी बसून सोने घ्या."

"शिक्का ही आमच्या हातांची साक्ष आहे," नंदिल म्हणाला. "ती खोटी देणार नाही. आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर माझी भट्टी विझणार नाही."

हे कळताच तरुण कासार पलिते घेऊन धक्क्यावर धावले. नंदिल गलबतावर चढायच्या फळीवर वाट अडवून उभा राहिला.

"आत माणसे आहेत. आग लावायची तर आधी मला लावा."

"मग नुसते बघत बसायचे का?" भद्रक नावाचा कासार ओरडला.

"नाही. यांच्याहून चांगली वाटी करायची."

"म्हणजे आपली वाटी वाईट?"

"आज आहे," नंदिल म्हणाला. खोटे बोलून कासारवाडी जगणार नव्हती. पलिते हळूहळू खाली आले.

त्याने एक परदेशी वाटी विकत घेतली आणि तीन दिवस ती निरखली. आतून केसासारख्या बारीक रेषा गोल फिरलेल्या होत्या. अशा रेषा त्याने पलंगाच्या खुरांवर पाहिल्या होत्या. तो तडक म्हाताऱ्या तिस्सा कातारणीकडे गेला; फिरत्या लाकडावर हत्यार धरून ती असे खूर कातत असे.

"मी लाकूड कातते, बाबा. काशाने माझे हत्यार मोडेल."

"मोडले की मी नवे घडवीन. तू कातत राहा, माय."

सतरा हत्यारे मोडली. शेजारी हसले, सोमिलही हसला. अठरावे टिकले आणि काशाची सोनेरी साल वळत वळत खाली पडली.

नंदिलची वाटी आता परदेशी वाटीइतकीच पातळ होती. किंमत मात्र थोडी जास्त. भर बाजारात सोमिलने त्यावरून टोमणा मारला. नंदिलने दोन्ही वाट्या उचलून दगडावर आपटल्या. ओतीव परदेशी वाटीला तडा गेला. आधी ठोकून घडवलेली आणि मग कातलेली नंदिलची वाटी घणघणत राहिली.

गिऱ्हाईक परतले, इतर कासारांनीही ही रीत उचलली, आणि त्या वर्षी एकतीस भट्ट्या पुन्हा पेटल्या. नऊ कायमच्या थंड राहिल्या. त्या घरांतली माणसे दुसऱ्या कामाला लागली होती. परतीच्या वाऱ्यावर निघालेल्या परदेशी गलबताच्या तांडेलाने मात्र आपल्या बायकोसाठी कासारवाडीतून दोन वाट्या नेल्या.

एवढे सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सोमिल तो आजचा देवदत्त. तिस्सा ती उप्पलवण्णा, भद्रक तो आनंद, आणि नंदिल मीच होतो. जे हात हार मानत नाहीत आणि आगही लावत नाहीत, त्यांच्या बळाला वीर्यपारमिता म्हणतात."