आसनावरची घोंगडी

"मग बाबाजी, मला गादीवर कधी बसवता?"

सात दिवसांचं आसन त्याच सकाळी सुटलं होतं. आंघोळ करून आल्या आल्या शेषराव पहिलं बोलला ते हे.

डोमाबाबा धर्मशाळेपुढच्या कडुनिंबाखाली सुपारी कातरत बसले होते. ते कातरतच राहिले.

"घाई आहे?"

"घाई कसली! पण रीत पुरी झाली ना आता?"

रीत जुनी होती. मठाची गादी ज्याला मिळायची, त्यानं गुरूबरोबर पायी निघायचं. आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावी मुक्काम करायचा आणि सात दिवस भिंतीकडे तोंड करून ध्यानाला बसायचं. डोक्यावरून घोंगडी, काखेखाली टेकायला लाकडी कुबडी, पाठ दाराकडे. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत जागचं हलायचं नाही.

शेषरावाला हे सगळं म्हणजे डाव्या हातचा मळ. बारा वर्षांत मठामध्ये त्याच्यासारखी मांडी कुणी घातली नव्हती. बाकीचे शिष्य डुलक्या काढायचे, डास मारायचे, पाठ खाजवायचे. हा मात्र ढिम्म. आणि आपण ढिम्म आहोत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं!

"सात दिवसांत मन हललं का रे?"

"काय बाबाजी! मी काय कालचा पोर आहे?"

"आणि मांडी?"

"...मांडीसुद्धा नाही."

एवढं म्हणताना त्याला जरा ठसका लागला. थंड पाण्यानं आंघोळ केली ना, म्हणून, असं त्यानं आपलं आपणच सांगून टाकलं.

तेवढ्यात गावातली गिरजाबाई नारळ घेऊन आली. सत्तरीची बाई, चालून चालून दम लागलेला. तिनं शेषरावाच्या पायांवर डोकं टेकलं.

"महाराज, धन्य आहे जी तुमची! रविवारी गावात शंकरपट होता. बैलांच्या जोड्या अशा धावल्या का जमीन हादरत होती. सारं गाव तिकडे. म्या दुपारी इथं येऊन पाह्यलं, तर तुम्ही जसेच्या तसे. इतकेबी हालले नाही!"

"अस्सं," बाबा म्हणाले.

"मंग मी बसली तासभर पाठीशी. लेकीचं सारं गाऱ्हाणं सांगितलं महाराजांले. मन मोकळं झालं."

शेषरावाची छाती फुगली. खरं तर त्या क्षणी त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण कौतुक कानावर पडलं की फुगायचं, ही त्या छातीची जुनी खोड. त्यानं डोळे अर्धे मिटले आणि आशीर्वादाचा हात वर केला.

गिरजाबाई समाधानानं गेली.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले, आत गेले. कुबडी, तांब्या आणि घोंगडी घेऊन बाहेर आले.

कुबडी मातीत रोवली. तिच्यावर तांब्या पालथा घातला. वरून घोंगडी टाकली. मग दोन पावलं मागं सरून त्यांनी नीट न्याहाळलं.

"डावा खांदा जरा उतरता हवा," ते पुटपुटले. "तुझा तसाच आहे."

त्यांनी घोंगडी डावीकडून किंचित ओढली. आणि त्या म्हाताऱ्या माणसानं घोंगडीपुढे साष्टांग नमस्कार घातला.

"बाबाजी... तुम्ही..."

"रविवारी पाणी ठेवायला आत आलो होतो."

कडुनिंबावर कावळा ओरडत होता. शेषराव मटकन खाली बसला. बारा वर्षं पाण्यात गेली. मठात आता कुठल्या तोंडानं जायचं? ज्यांच्या डुलक्यांना आपण हसलो, ते आता पोट धरधरून हसतील...

"सहाव्या दिवसापर्यंत नाही उठलो, बाबाजी. आईची शपथ. पण बैलांची घुंगरं वाजली... आमच्या घरी पटाची जोडी होती. वडील धुरकरी. बैल हाकायला त्यांच्यासारखा माणूस चार गावांत नव्हता. कसा उठलो, मागच्या दारानं कसा गेलो, काही कळलं नाही."

"घोंगडी मांडायचं मात्र कळलं. चांगली बसली हो. म्हातारीनं तासभर गाऱ्हाणं सांगितलं, हिनं हूं की चूं केलं नाही."

शेषरावाचे डोळे भरून आले. "मग गादी..."

"जिंकलं कोण?"

"अं?"

"पटात. पहिली जोडी कुणाची आली?"

शेषरावानं मान खाली घातली. सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पण ओठ शिवशिवायला लागले.

"पहिली... बाबाजी, काय सांगू तुम्हाला! एक पांढरा, एक पिवळसर कोसा. निम्म्या वाटेत धुरकरीच छकडीवरून खाली पडला. लोक म्हणाले, संपलं. पण बैल थांबतात कुठले! वर माणूस नाही, कासरा मोकळा, पाठीवर चाबूक नाही, आणि तरी असे सरळ, अस्से सरळ... शेवटच्या झेंड्यापर्यंत!"

तो कधी उभा राहिला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दोन्ही हात पुढे पसरले होते, धुतलेले पाय धुळीनं माखले होते, आवाज पार बसला होता. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"तेव्हा मठ आठवला?"

"नाही."

"गादी?"

"नाही."

"मी?"

"...तुम्हीसुद्धा नाही, बाबाजी."

"आणि शेषराव?"

शेषरावानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. मांडी घातली की रोज जो समोर येऊन बसायचा आणि शाबासकी द्यायचा, तो शेषराव त्या दुपारी मैदानात कुठंच नव्हता.

बाबांनी पडशी खांद्याला लावली. काठी घेतली. मठाची वाट पूर्वेला होती, तिकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते पश्चिमेला वळले.

शेषराव मागं धावला. "बाबाजी, मठ तर... आणि गादीवर कोण बसणार?"

डोमाबाबा थांबले नाहीत.

"घोंगडी पाठवून दे. तू माझ्याबरोबर चल."