विझवणीची खिंड

खिंडीच्या तोंडाशी वाळलेल्या डहाळ्यांचा ढीग दिसतो ना, तो सरपणाचा नाही. तिथून कोणी काटकी उचलत नाही. घाट चढून येणारा पुरुष वाटेवरची निरगुडीची हिरवी डहाळी मोडतो, इथे टाकतो आणि मगच पलीकडे उतरतो. बायका डहाळी टाकत नाहीत. का, ते सांगतो. म्हणजे मी ऐकलं तसं सांगतो. ऐकताना काही निसटलंही असेल.

खिंडीच्या दक्षिणेला कुसरवाडी, उत्तरेला घोणशेत. या डोंगरात उन्हं तापू लागली की वाळलेलं गवत जाळायची रीत होती. एका वर्षी म्हणे घोणशेतकरांनी लावलेली आग वाऱ्याने डोंगर ओलांडून आली आणि कुसरवाडीच्या गवताच्या गंजी, दोन गोठे, गोठ्यात बांधलेली जनावरं जळाली. घोणशेतातून विझवायला कोणी आलं नाही. तेव्हा कुसरवाडीच्या हैबती पाटलाने भैरोबाच्या देवळात गावातल्या झाडून साऱ्या पुरुषांना भंडारा उचलायला लावला, की यापुढे घोणशेत जळालं तरी आपल्या गावचं पाणी त्या आगीवर पडणार नाही. पाटलाची लेक येसू घोणशेतात दिलेली होती. त्याने शपथ घेतली, आणि लेकीचं माहेर तुटलं.

पुढे काही वर्षांनी, माघातल्या अवसेला, गुरं घरी येऊन बांधून झाली होती, तेव्हा खिंडीमागचं आभाळ तांबडं झालं. आधी कुंकवाच्या पाण्यासारखं, मग फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखं. मधूनच त्यात फिकट पट्टे उभे राहत आणि विरून जात. पृथ्वीच्या उत्तर टोकाकडे असा प्रकाश दिसतो आणि क्वचित फार खाली दक्षिणेतही येतो, असं मी पुस्तकांत वाचलं आहे. तो हाच होता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुसरवाडीला मात्र डोंगरामागच्या तांबड्या उजेडाचा एकच अर्थ ठाऊक होता. घोणशेत पेटलं होतं.

सारं गाव देवळापुढे जमलं. पाटील खाली मान घालून बसला. तेवढ्यात त्याची बायको ठकूबाई डोक्यावर भरलेली घागर घेऊन समोरून निघाली. तिचे गुडघे धरलेले होते. चार पावलं टाकली की थांबत होती.

"ठकूबाई, देवाची आन हाय," गुरव म्हणाला.

"ती गड्यांनी घेतली. मला कुणी इचारलं व्हतं?"

ती थांबली नाही. तिच्यामागून दुसरी बाई निघाली, मग गावातल्या सगळ्याच. घागरी, हंडे, मडकी, जे हाताला लागलं ते. पुरुष मागे उभे राहिले. मग पाटील उठला. "पाणी न्यायचं न्हाई, येवढंच बोललो व्हतो," तो म्हणाला आणि त्याने निरगुडीची डहाळी मोडली. वणवा डहाळीने झोडूनही विझवतात; बाकीच्या गड्यांनीही डहाळ्या मोडल्या.

चढ अंगावरचा आहे, तुम्ही आत्ता आलातच. पाण्यासकट तो कसा चढले असतील, कोण जाणे. खिंडीत पोचले तेव्हा खाली घोणशेत जसंच्या तसं होतं. ज्वाळा नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. तांबडं त्याच्याही पलीकडे, फार लांब, आभाळातच होतं. दमलेली माणसं तिथेच बसली. पुरुषांनी डहाळ्या टाकल्या. गुरव म्हणाला, "बरं झालं. आन मोडली न्हाई. चला माघारी."

ठकूबाई बसली नव्हती. बसली असती तर पुन्हा उठता आलं नसतं. "येवढं वर आणलेलं पाणी मी खाली न्हेत न्हाई," ती म्हणाली. "आणि लेक दिसल्याबिगर मला कुठलं खरं?" ती उत्तरेकडे उतरू लागली आणि तिच्यामागे सारं गाव.

ते उतरेपर्यंत आभाळ निवळलं होतं. घोणशेतची माणसं भेदरून अंगणात उभी होती. खिंडीतून गाव उतरताना पाहून काहींनी काठ्या उचलल्या. घागरी दिसल्या तेव्हा येसूची सासू म्हणाली, "उशीर केला इहीणबाई. आभाळ आपलं आपुनच इझलं."

ठकूबाईने घागर उतरवली. येसूच्या तोंडावरून, दंडांवरून हात फिरवला.

"भाजली न्हाईस न्हवं?"

"न्हाई, आये."

"मग पी. आगीसाठी आणलेलं हाय."

येसू ओंजळीने पाणी प्याली. मग म्हणे सासूनेही ओंजळ पुढे केली. शपथ मोडली की नाही, यावर कुसरवाडीत अजून दोन मतं आहेत. भैरोबा काही बोलला नाही.

आजही माघातल्या अवसेला कुसरवाडीच्या बायका पाणी घेऊन ही खिंड ओलांडतात. पलीकडून गाडीरस्ता झाला आहे. या बायका मात्र गाडीत बसत नाहीत. मला हे दरवर्षी नको वाटतं. त्यांतल्या बऱ्याच आता ठकूबाईच्या वयाच्या आहेत, आणि एखादी पडेल अशी मला धास्ती असते. घोणशेतच्या सुना ते पाणी पितात, ऊन पाण्याने त्यांचे पाय शेकतात आणि घोंगड्या अंथरतात. कशाला आलात, असं कोणी विचारत नाही. पाय शेकून होईपर्यंत म्हाताऱ्यांना झोप लागलेली असते.