म्हातारपणाचा नमुना

“मग तो आरवला होता का?”

डॉक्टर प्रल्हाद वाकळे बुटांच्या नाड्या सोडता सोडता थांबले. पीराच्या डोंगराच्या पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. तशा धापेतच त्यांनी आपलं सगळं संशोधन सरांना सांगून टाकलं होतं. त्यावर सरांचा हा पहिला प्रश्न.

“कोण, सर?”

“ज्याचं रक्त काढलंस तो नर.”

“सहा आठवड्यांचा ब्रॉयलर, सर. तो कसला आरवतोय?”

“आणि मादी? तिनं अंडं दिलं होतं?”

“सर, हे तुम्ही मला विचारता?”

सरांनी माठातलं पाणी पुढे केलं.

सर म्हणजे दस्तगीर इनामदार. पशुवैद्यक महाविद्यालयात कुक्कुटशास्त्राचे प्राध्यापक होते. ते नोकरीला लागले तेव्हा मांसाची कोंबडी दहा आठवड्यांनी बाजारात येत असे. ते निवृत्त झाले तेव्हा ती सहा आठवड्यांत येत होती. मधल्या चार आठवड्यांत मोठा वाटा सरांचा. निरोप समारंभाला मंत्री आले. वर्तमानपत्रांनी हारासकट फोटो छापला आणि वर मथळा दिला : ‘देशाचे चार आठवडे वाचवणारा माणूस’.

ते चार आठवडे कुणाचे होते, हे एकाही बातमीदाराला विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतर सर या डोंगरावर येऊन राहिले. दर्ग्याच्या बाजूला एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. इथंच का, असं कुणी विचारलं तर म्हणत, “इथं कापत नाहीत.”

ते खरं होतं. या पीराला नवसाचा कोंबडा बोलतात, पण कापत नाहीत, सोडून देतात. पूर्वी गावरान कोंबडे सोडत. ते झाडांवर चढत, भांडत, पहाटे अख्खा डोंगर उठवत. हल्ली लोक चौकातल्या दुकानातून पांढरा ब्रॉयलर आणतात. तो झाडावर चढत नाही. पायरीही चढत नाही. वजनानं पाय फाकतात, एक दिवस तो बसतो आणि उठत नाही. लोक म्हणतात, पीरानं नवस घेतला.

सर त्याला पुरतात.

“सर, पुन्हा थोडक्यात सांगतो,” डॉक्टर पाणी पिऊन म्हणाले. “पिल्लू असताना नर-मादीच्या रक्तातल्या चरबीत फरक नाही. वय वाढतं तसा फरक पडत जातो. मादीची चरबी चढते. सहाव्या आठवड्यात तर डोळ्यांना दिसावा इतका फरक. आलेख असा वर जातो...”

त्यांनी हवेत बोट वर नेलं.

“आणि?”

“आणि तिथं संपतो.”

“का संपतो?”

“पक्षी संपतो म्हणून!” डॉक्टर हसले.

सर हसले नाहीत.

“शीर्षक काय दिलंस?”

“‘मांसल कोंबड्यांच्या रक्तातील चरबीवर वय आणि लिंग यांचा परिणाम’. दिल्लीच्या परिषदेत पहिलंच भाषण आहे, सर. आयुष्याचं काम आहे माझं.”

“ज्या दिवशी पिल्लू आणलंस त्या दिवशी तुला माहीत होतं, कधी कापायचं ते?”

“अर्थात.”

“मग ते वय नव्हे, प्रल्हाद. ती तारीख.”

डॉक्टरांचा चेहरा बदलला. हा माणूस वर्गात पहिला येणारा होता, आणि पहिला येणाऱ्याला टोचलेलं लगेच परत टोचावंसं वाटतं.

“तारीख तुम्हीच ठरवलीत, सर. आम्ही पाळतो.”

...

“हो,” सर म्हणाले.

खाली पायऱ्यांवर कुणाचा तरी खोकला ऐकू येत होता.

“राग मानू नका, सर. मी भांडायला आलो नाही. मला एक नमुना हवा आहे. फक्त एक. वयात आलेली, अंड्यावर आलेली ब्रॉयलर मादी. कंपन्यांच्या पैदाशीच्या कोंबड्या आहेत, पण त्यांना अर्धपोटी ठेवतात. त्यांचं रक्त माझ्या आलेखाला चालत नाही. दुकानातून आलेली, हवं तेवढं खाल्लेली आणि तरीही म्हातारी झालेली कोंबडी उभ्या जिल्ह्यात एकच आहे म्हणे. तुमच्याकडे.”

“आहे.”

“कशी जगली?”

“माहीत नाही.”

“काय चारता तिला?”

“मी मोजून देतो. भाविक मलिदा चारतात, तो न मोजता.”

“किती वयाची असेल?”

“गेल्या उरुसाच्या आधी आली. त्या नवसाचे पाळणे बांधलेल्या झाडाखाली कुणी तरी टाकून गेलं होतं.”

डॉक्टरांचे डोळे चमकले. त्यांनी पिशवीतून सुई काढली, बर्फाचा डबा काढला.

तेवढ्यात खोकला वर आला. काखेत पांढरी कोंबडी धरलेली एक बाई होती. पदरानं घाम पुसत तिनं कोंबडी सरांच्या पुढ्यात ठेवली.

“घ्या. लेकीचं लगीन जमलं. बोलले हुते, ते फेडलं.”

“कौसाबाई, पुन्हा पांढरी?” सर म्हणाले. “गावरान सोडा म्हणून सांगितलं होतं.”

“गावरान काय भाव झालाय, ठावं हाय का तुम्हास्नी? आन् पीराला काय कळतंय पांढरं का लाल!”

“पीराला कळत नसेल. हिला कळतं.”

“हिला?” बाईचा हात कमरेवर गेला. “कोंबडा हाय त्यो. नवस कोंबड्याचा हुता.”

डॉक्टरांनी वाकून एकदाच पाहिलं. तुरा पाहिला, पाय पाहिले.

“मादी आहे.”

“आँ? दुकानवाल्यानं कोंबडा म्हून दिलाय!”

“मादीच. सहा आठवडे पुरे झालेत. छाती बघा किती भरलीय. फार तर महिनाभर जगेल.”

बाईनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“हे कोण म्हनायचे, सर?”

“माझा विद्यार्थी. फार हुशार.”

“दिसतंय,” बाई म्हणाली. “शुभ कामाला आले नि ह्यांनी मयताची तारीख काढली.”

पायरीला हात लावून ती उतरायला लागली. चार पायऱ्या उतरून वळली.

“सर, मादी आसंल तर पीर घेतील न्हवं?”

“घेतील. जा तुम्ही.”

नवी कोंबडी जिथं ठेवली होती तिथंच बसून राहिली. सरांनी उठून ताटलीत पाणी आणलं, तिच्या चोचीखाली धरलं. ती प्यायली. मग सर पाठमोरेच म्हणाले, “बरोबर ओळखलंस. तुरा आणि पाय. मीच शिकवलं होतं.”

“तुमचीच कृपा, सर.”

“तिला मात्र अजून माहीत नाही.”

“काय?”

“आपण मादी आहोत ते.”

डॉक्टरांना आता घाई झाली होती. बर्फ वितळत होता, शहरातली प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होणार होती, आणि सरांची ही सवय त्यांना ठाऊक होती. वर्गातही ते सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देत आणि मुलांना दोन दिवस फिरवत.

“सर, ती म्हातारी कुठं आहे?”

सरांनी बोट दाखवलं.

उंबऱ्याशी डॉक्टरांचे बूट होते. नवे, काळे. त्यांच्यावर एक पांढरी, अवजड कोंबडी अंग पसरून बसली होती. पाठीची पिसं झडलेली, तुरा लालभडक. कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं.

“माझ्या बुटांवर?”

“काळोखी, उबदार जागा शोधते. मागच्या खेपेला दर्ग्याच्या मुजावराच्या टोपीत बसली होती.” सरांच्या आवाजात, डॉक्टर आल्यापासून पहिल्यांदाच, काहीतरी हललं. “अंड्यावर आहे. सकाळपासून दाण्याला तोंड लावलेलं नाही.”

“म्हणजे उपाशीच आहे! रक्ताला हेच हवं असतं.” डॉक्टर उठले.

“थांब. ती आपण होऊन उठू दे.”

“किती वेळ लागेल?”

“तिला विचार.”

“सर, मला पाचच्या आत पोचायचंय.”

“तू इतकी वर्षं त्यांना थांबू दिलं नाहीस, प्रल्हाद. एकीसाठी तू थांब.”

डॉक्टर थांबले. घड्याळ पाहिलं. बर्फाचा डबा हलवून पाहिला. आत आता पाणी वाजत होतं.

कोंबडी डोळे अर्धे मिटून बसली होती. वाऱ्यानं दर्ग्यावरचं हिरवं निशाण फडफडलं, तिनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा आत घेतली.

“सर, एक थेंबभर रक्त तर घ्यायचंय. तिला कळणारही नाही.”

सर गप्प.

त्या गप्प राहण्याला डॉक्टरांनी होकार धरलं. विद्यार्थी असंच करतात.

ते मागून गेले. एक हात पंखांवरून, एक छातीखालून, बोटांच्या फटीत दोन्ही पाय. सफाईनं, न दुखवता, एका झटक्यात तिला उचललं.

कोंबडीचा आवाज आला नाही. पंख दोनदा आपटले. मान ताणली गेली, मागे वळली... आणि डॉक्टरांच्या हातातलं वजन एकदम जड झालं.

डॉक्टर तसेच उभे राहिले.

“सर...”

...

“सर, हृदय बंद पडलं.”

“हो.”

“मी नीट धरली होती, सर. तुम्ही शिकवलंत अगदी तशीच.”

“पाहिलं मी,” सर म्हणाले. “अगदी तशीच धरलीस.”

डॉक्टरांनी तिला पडवीत ठेवलं. पंख उलगडला, शीर शोधली, सुई लावली आणि परत काढली. मेलेल्याचं रक्त त्यांच्या कामाचं नव्हतं. सुई हातात घेऊन ते उकिडवे बसून राहिले.

उजव्या बुटात अंडं होतं. सरांनी वाकून ते उचललं, तळहातावर धरलं, मग डॉक्टरांच्या हातावर ठेवलं.

गरम होतं.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. ब्रॉयलरच्या लाखभर कोंबड्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील. ब्रॉयलरचं अंडं त्यांनी पहिल्यांदा हातात धरलं होतं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, पण काय पाहायचं ते त्यांना सुचेना.

“असंच पांढरं व्हायचं का, सर? तिचं रक्त? पुस्तकात वाचलंय... अंड्यावर आली की मादीचं रक्त दुधासारखं होतं, चरबी सगळी बलकात जाते म्हणून...”

“मीही वाचलंच आहे.”

“तुम्ही कधी पाहिलं नाही?”

“पाहायला कुणाला ठेवलं होतं?”

खाली गावात कुठल्या तरी लग्नाचा बँड वाजत होता. नवी कोंबडी ताटलीशेजारी बसून होती. कौसाबाईचा नवस.

डॉक्टरांचा आवाज आता साहेबाचा राहिला नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलासारखा झाला होता.

“सर, आता म्हातारपणाचा नमुना मी कुठून आणू?”

सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. डाव्या हाताची बाही त्यांनी कोपरापर्यंत दुमडली. मूठ आवळली, हात पुढे केला. सुरकुतलेल्या कातडीखाली शीर वर आली.

“घे. नर. वय एकाहत्तर. मीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

“सर, हे काय...”

“घे, प्रल्हाद. या कामात म्हातारा झालेला मी एकटाच.”