चौदा चुकांचा मानकरी

सुनंदा कोरगावकर आणि तिच्या चार मैत्रिणींनी गावोगावच्या ग्रंथालयांसाठी एक सॉफ्टवेअर विनामूल्य तयार केले. आता ते वापरून चुका कळवणारी दहा ग्रंथालये हवी होती आणि सर्व्हरचा वर्षाचा खर्च हवा होता. नाहीतर काम बंद. म्हणून सुनंदा ग्रंथालय संघाच्या अध्यक्षांकडे गेली.

अध्यक्ष तात्यासाहेब इंगवले म्हणजे लग्नाच्या पंगतीतही आचाऱ्याला बोलावून चुका सांगणारा माणूस. ते म्हणाले, "फुकटची वस्तू ती. चुकांनी भरलेली असणार."

"काढून दाखवा," सुनंदा म्हणाली.

तात्यासाहेब चष्मा लावून बसले. दोन तासांत त्यांनी चौदा चुका काढल्या. एकच पुस्तक एका वेळी तिघांच्या नावावर गेले होते.

"बघितलंस? दमडी मिळणार नाही."

सुनंदाने चौदाही चुका लिहून घेतल्या.

"तात्यासाहेब, आमच्यात पगार नसतो, पण तपासणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर लागतं. नियमच आहे. काम थांबलं तरी हे सॉफ्टवेअर आहे तसं सगळ्यांना खुलं राहणार. एवढंच सांगा, तुमचं नाव या चुकांसकट लावू, की दुरुस्तीनंतर?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"दुरुस्तीनंतर. खर्चाचा कागद दे."

"आणि दहा ग्रंथालयं?"

"वीस घे," ते म्हणाले. "पण त्यांची नावं माझ्या खाली."