संगणकाची गवसणी

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंचे गाणे साठवून ठेवण्यासाठी यंत्र विकत घ्यायला बाजारात गेली. शिष्या म्हणजे गुरुगृही पाणी भरणारी बालिका नव्हे. अनुजा तिचे नाव, चाळिशी ओलांडलेली, शाळेत चित्रकला शिकवणारी. शाळा सुटली की कित्येक वर्षे ती बुवांकडे गाणे शिकायला जात असे. कृष्णेच्या काठी, घाटाच्या वरच्या अंगाला बुवांचे घर होते, आणि त्या घरात आता बुवा, त्यांच्या पत्नी माई आणि तंबोऱ्यांची एक जोडी एवढेच उरले होते.

बुवांनी आयुष्यात पुष्कळ बंदिशी बांधल्या आणि एकही कागदावर उतरवली नाही. गाणे तोंडातून कानात आणि कानातून गळ्यात जावे, मध्ये कागद आला की ते आळशी होते, असे त्यांचे मत. मत थोर होते, पण त्यासाठी सांगणाऱ्याचे डोके शाबूत राहायला हवे. त्या वर्षी बुवांनी चहात साखरेऐवजी मीठ घातले. मग एकदा शेजाऱ्यांचे घर आपले समजून तिथल्या झोपाळ्यावर जाऊन बसले. डॉक्टरांनी माईंना बाजूला घेऊन सांगितले की ही विस्मृती आता वाढत जाईल. बाकीचे शिष्य केव्हाच मोठ्या शहरांत पांगले होते. बुवांच्या बंदिशी बुवांच्या डोक्यात होत्या आणि थोड्याफार अनुजाच्या गळ्यात. डोक्यातल्या निसटून जाण्याआधी धरून ठेवायच्या, हे काम तिच्यावर आले.

दुकानदार भला माणूस होता. पगारात बसेल असे काही दाखवा म्हटल्यावर त्याने तोंड वाकडे केले नाही. त्याने एक लहानसा लॅपटॉप काढला, उघडला, आणि त्याचा स्क्रीन मागे मागे नेत पार पाठीला पाठ लागेपर्यंत दुमडला. लॅपटॉपचा टॅबलेट झाला. अर्ध्यात थांबवला तर तो तंबूसारखा आपल्या पायावर उभा राही. सोबत एक पेन होते, त्याने काचेवर लिहिता येई. याच्यावर मोठमोठी कामे होणार नाहीत, सुरू व्हायला जरा वेळ घेईल, उन्हात अक्षर दिसणार नाही, हे त्याने स्वतःहून सांगितले. पण लिहायला, ऐकायला आणि आवाज साठवायला याच्यासारखा स्वस्त आणि मस्त दुसरा नाही, असेही सांगितले. अनुजाने पेन उचलून काचेवर हलकेच सा, रे, ग लिहून पाहिले. अक्षर तिच्या हाताचेच उमटले. तिला भरून आले आणि तिने तो घेतला.

आता खरे पाहता त्याच संध्याकाळी बुवांसमोर तो उघडायचा. पण आपल्या माणसांची एक रीत आहे. आपण नवा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून वरूनच बटणे दाबतो. चांगले कप कपाटाच्या काचेआड ठेवतो आणि पाहुण्यांना कान तुटलेल्या कपातून चहा देतो. अनुजाने स्क्रीनवरचे पारदर्शक वेष्टन काढलेच नाही. दुकानात मिळालेली पिशवी तिला पातळ वाटली. तंबोऱ्याला धूळ लागू नये म्हणून जी कापडी खोळ घालतात, तिला गवसणी म्हणतात. तशी एक गवसणी तिने यंत्रासाठी स्वतः शिवली. आईच्या रेशमी साडीचा पदर बाहेरून, कापूस मध्ये, आत मऊ मलमल, तोंडाला नाडी. गवसणी इतकी देखणी झाली की यंत्र तिच्यातून बाहेर काढणे जिवावर येऊ लागले. आकाशाला गवसणी घालायला निघालेली बाई संगणकाला गवसणी घालून बसली.

मग कारणे निघत गेली. सुरुवात गुरुपौर्णिमेला करू, असे तिने बुवांना सांगितले. गुरुपौर्णिमेला बुवांना खोकला झाला. खोकला गेला तर तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांना गुंज देणारी घोडीवरची घडण, बिघडलेली होती, ती नीट करून घेऊ म्हणाली. जवारी लागली तर शेजारी घराचे बांधकाम निघाले आणि ठोकाठोकी सुरू झाली. बुवांच्या गाण्यात हातोडा नको, हे तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. दर रविवारी ती यंत्र चार्ज करी, मऊ फडक्याने पुशी आणि परत गवसणीत घाली. ज्याने अजून काही कामच केले नव्हते, त्याला दर आठवड्याला विश्रांती मिळत होती.

आणि हीच माया तिने हळूहळू बुवांवरही पांघरली. बुवा गुणगुणू लागले की ती कोमट पाणी पुढे करी. तान घ्यायला गेले की गळ्याला जपा म्हणे. एखादा शब्द त्यांना आठवेनासा झाला की लगेच विषय बदली, कारण त्यांचा गोंधळलेला चेहरा तिला पाहवत नसे. शिकवणी अशी राहिलीच नाही. ती येई, बुवांच्या पायाशी बसे, माईंना भाजी निवडू लागे आणि जाई. बुवा तिच्याकडे पाहत बसत. त्यांना काही म्हणायचे असावे, पण ते म्हणत नसत.

एके दिवशी बुवांनी आपणहून तंबोरा छेडला आणि मुलतानीतली आपली एक जुनी बंदिश सुरू केली. अनुजाने ती एकदाच, फार पूर्वी ऐकली होती. स्थायी झाली. अंतऱ्याशी येऊन बुवा थांबले. परत स्थायीवर गेले, परत अंतऱ्याशी आले, परत थांबले. तारा वाजत राहिल्या. तिने हलकेच तंबोरा त्यांच्या हातून घेतला आणि दमला असाल, राहू द्या, असे म्हणाली. त्या अंतऱ्याचे शब्द पुढे कुणालाच कळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बुवांनी तिला यंत्र घेऊन यायला सांगितले. अनुजाला आनंद झाला. तिने समोर बसून नाडी सोडली, यंत्र बाहेर काढले आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरले. बुवांनी ते उलटसुलट पाहिले. मग स्क्रीन पार मागे दुमडला, काच वर येईल असे ते मांडीवर आडवे ठेवले, आणि नखाने कोपऱ्यातून उचलून ते पारदर्शक वेष्टन टरकन सोलून काढले. अनुजा काही बोलण्याच्या आत त्यांनी पानाचा डबा ओढला. विड्याचे पान त्या काचेवर पसरले. शिरा खुडल्या, बोटाने चुना लावला, काथ लावला. सुपारी कातरली आणि अडकित्ता काचेच्या कडेवर टेकवून ठेवला. त्याच्या टोकाने एक बारीक चरा उमटला. विडा करून तोंडात टाकला आणि चुन्याचे बोट यंत्राच्या कोपऱ्याला स्वस्थपणे पुसले.

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आले, यंत्रासाठी थोडे आणि बुवांसाठी फार. बुवांची विस्मृती आता इतकी वाढली की पानाचे तबक कोणते आणि यंत्र कोणते हेही त्यांना कळेना, असे तिला वाटले. तिने समजुतीच्या, लहान मुलाशी बोलावे तशा आवाजात म्हटले, "असू द्या हं बुवा. मी पुसून घेते. तुमच्या लक्षात नाही आलं."

बुवांनी विडा गालात सरकवला.

"लक्षात आलं होतं," ते म्हणाले. "मी विसरतो हे मला ठाऊक आहे. पण हे मी विसरून केलं नाही."

अनुजा फडके आणायला उठू लागली.

"बस अशी. सुचतंय तोवर सांगतो. तंबोऱ्याला गवसणी केव्हा घालतात? वाजवून झाल्यावर. तू वाजवायच्या आधीच घातलीस. जपतेस म्हणतेस. अगं, आपल्या भाषेत माणसं काचेची बरणीही जपतात आणि देवाचं नावही जपतात. शब्द एकच आहे. पण नाव जपायचं म्हणजे डबीत घालून फडताळात ठेवतात का? सारखं जिभेवर घोळवतात. घोळवलं नाही, तर ते नाव तुझ्यापाशी आहेच कुठे? तू या यंत्राला बरणीसारखं जपलंस, त्याचं काही नाही. फुटलं तर दुकानात दुसरं मिळेल. पण मलाही तू तसंच जपायला लागलीस. गा म्हणत नाहीस, पाणी घ्या म्हणतेस. मी अडलो की तंबोरा काढून घेतेस. रोज थोडं थोडं सांडतंय गं माझ्यातून. ते सांडताना मला कळतं. मला गवसणीत घालून बसवू नकोस."

मग बुवांनी ते चुन्याचे, काथाचे यंत्र तिच्या हातात दिले. "याला आता डाग पडला, चरा पडला. नव्याची भीती गेली. सुरू कर."

अनुजाने पदराने काच पुसली. काथ गेला, चरा राहिला. यंत्राने दुकानदार म्हणाला होता तसा जागे व्हायला वेळ घेतला, आणि तेवढ्या वेळात तिला कळले की आपण इतके दिवस ज्याला माया म्हणत होतो ती निम्मी भीतीच होती. बुवा जातील याची भीती. ती भीती लपवण्यासाठीच तिने सारे नीटनेटके बांधून ठेवले होते. तिने यंत्र तंबूसारखे उभे केले, बुवांच्या समोर ठेवले आणि तंबोरा त्यांच्या हाती दिला.

त्या दिवसापासून मुहूर्त पाहणे बंद झाले. बुवा खोकत गायले, दाढ दुखत असताना गायले. शेजारचा हातोडा चालू होता, कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, माई मधूनच दूधवाल्याशी बोलत होत्या, आणि हे सगळे त्या यंत्रात गाण्याबरोबर जात होते. गाणे झाले की अनुजा स्क्रीन मागे दुमडून यंत्र मांडीवर घेई आणि पेनाने काचेवर बंदिशीचे स्वर लिही. कधी बुवाही पेन हातात घेऊन एखाद्या स्वराखाली कोमलची रेघ ओढीत. कागदाविषयीचे त्यांचे मत काही बदलले नव्हते. ही काच आहे, कागद नव्हे, असे म्हणून त्यांनी आपली सोय करून घेतली. काही बंदिशी पूर्ण आल्या, काहींचे तुकडे आले. बुवा अडले की अनुजा आता तंबोरा काढून घेत नसे. ती तिथेच थांबे, तारा छेडीत राही, आणि कधीकधी तो शब्द खरोखर येई. घरी गेल्यावर पोळ्या लाटताना ती ऐकलेले म्हणून पाही. यंत्राच्या फटीत थोडे पीठही गेले, ते तिने निघेल तेवढे काढले.

दिवस गेले. बुवांचे गाणे थांबले, मग बोलणेही कमी झाले. हिवाळ्यातल्या एका दुपारी अनुजा आली तेव्हा ते उन्हात खुर्चीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे ओळखीचे हसू हसून पाहिले, पण नाव घेतले नाही. ती जवळ बसली. तिने यंत्र उघडले आणि पटदीपातली त्यांची बंदिश लावली, त्यांच्याच आवाजातली, खोकल्यासकट.

बुवा कान देऊन ऐकत होते. मान समेवर बरोबर पडत होती. गाणे संपल्यावर ते म्हणाले, "खोकतो फार. पण बंदिश चांगली बांधली आहे. कुणाची गं?"

अनुजा या वेळी विषय बदलून उठून गेली नाही.

"माझ्या बुवांची," ती म्हणाली.

"तुला येते?"

"येते."

"मग म्हण की."

तिने यंत्र मिटून बाजूला ठेवले आणि म्हणायला लागली. तंबोरा आणायला ती उठली नाही, पाणी प्यायली नाही. शाळेत सकाळपासून बोलून आवाज बसलेला होता, तसाच लावला. स्थायी, अंतरा, परत स्थायी. माई हातातले काम सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. समेवर येऊन अनुजा थांबली, आणि बुवांनी तिच्या गुडघ्यावर, शिकवताना ठेवीत तसा, हात ठेवला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

अनुजाने पुन्हा म्हटली.