बारकायच्या भिंती

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. तळखारात हा प्रश्न काढला की म्हातारे आपसात भांडत बसतात आणि गोष्ट राहून जाते. तेव्हा सरकार होतं, खोत होता, जातीचे पंच होते आणि खाडी होती, एवढं कळलं तरी पुरे.

तळखार हे खाडीकाठचं गाव. गाव आणि खाडी यांच्या मधे मातीचा एक लांब बांध. बांधाच्या आत भातशेती, गोड्या पाण्याचं तळं आणि घरं. बाहेर खारं पाणी. शेतात एकदा खारं पाणी शिरलं की पुढची कित्येक वर्षं तिथं भात म्हणून उगवत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तरीही पुढचं सगळं घडलं. डोकं फिरतं ते यामुळेच.

गावाच्या टोकाला, बांधाला लागून, बारकाय राहायची. नाव बारकाय, पण बाई एवढी उंच की स्वतःच्या दारातून वाकून आत जायची. नवरा खाडीत बुडालेला, मूलबाळ नाही. होतं ते एक घर. कुडाच्या, म्हणजे काठ्यांच्या, चार भिंती, त्यावर मातीचं लिंपण, वर पेंढा. सासऱ्यानं उभं केलेलं. पावसात भिंतीला पोपडा आला तर ती आधी भिंत सारवायची आणि मग चूल पेटवायची, असं म्हणतात. घराखालची जागा मात्र खोताची. आणि खोताचा कायदा असा, की भिंती उभ्या आहेत तोवर जागा तुझी. भिंती गेल्या की जागा खोताची.

त्यात बारकाय वाळीत होती. का, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. पंचांनी गावातलं एक घर वाळीत टाकलं होतं. त्या घराची चूल विझली, तिथली बाई दारात आली आणि बारकायनं तिला विस्तव दिला. झालं! बारकायही वाळीत. पुढे त्या घरानं दंड भरला, पंगत घातली आणि ते जातीत परत आलं. बारकाय राहिली बाहेर. पंच म्हणाले, माफी माग. ती म्हणाली, "विस्तव दिल्याची माफी? नाय मागत." तेव्हापासून तिला विहीर बंद, पंगत बंद, बोलणं बंद. जिला विस्तव दिला ती बाईसुद्धा तोंड फिरवून जायची.

असाच एक श्रावण आला. डोंगराकडून आलेल्या पाण्यानं बांध मऊ झाला होता, आणि नागपंचमीच्या पहाटे भरतीनं त्याला खांड पाडली. खांड म्हणजे भगदाड. सकाळी ओहोटी लागली तेव्हा ते दरवाजाएवढं होतं. दुपारच्या भरतीनं ते होडी जाईल एवढं होणार, आणि मग ते कुणाच्या बापाला बुजणार नव्हतं. जे काही करायचं ते मधल्या ओहोटीत.

ते पहिल्यांदा पाहिलं बारकायनं. तिनं बोंब मारली. वाळीतल्या बाईची बोंब ऐकावी की नाही, याचा थोडा विचार करून गाव धावत आलं. सगळे टोपल्या घेऊन बांधावर उभे राहिले. आणि बोलू लागले!

सरकारचा कारकून त्या दिवशी गावात मुक्कामाला होता. तो म्हणाला, "बांध सरकारचा आहे. वरून हुकूम आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." हुकूम यायचा तो खाडीपलीकडून.

खोत म्हणाला, "बांध असेल सरकारचा, पण माती माझ्या जमिनीतली. आधी मोबदला ठरवा, मग खणा."

गावचे भटजी जोशीबुवा म्हणाले, "आज नागपंचमी. आज खणायचं नाही, तोडायचं नाही. नागाला इजा झाली तर गावाला दोष लागेल."

पोशा पाटील हा जातीचा पाटील, पंचांचा म्होरक्या. तो म्हणाला, "बारकायला आधी खाली उतरवा. वाळीतल्या मानसाचा हात लागला तर आमच्यातला कुनी बांधावर चढनार नाय."

आणि चौघांतला एकही खोटं बोलत नव्हता बरं! सरकारचा कायदा मोडला तर बेडी. खोताचा मोडला तर जमीन जाणार. पंचांचा मोडला तर विस्तव-पाणी बंद. धर्माचा मोडला तर काय होतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याचीच भीती सगळ्यांत जास्त. पाचवा कायदा खाडीचा. त्याला ना शिपाई, ना पंच, ना पोथी. तो नुसता वेळेवर येतो.

बारकाय एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. कारकुनाला हात जोडले. खोताच्या पाया पडली. जोशीबुवांना म्हणाली, "बुवा, खारं पानी नागाच्या बिळातबी शिरंल की." पोशा पाटलाला म्हणाली, "मी उतरते खाली, लांब जाऊन बसते. पन तुमी तरी हात लावा." पाटील म्हणाला, बघू, आधी कारकुनाचं ठरू दे. कारकून म्हणाला, खोताचं ठरू दे. खोतानं जोशीबुवांकडे बोट दाखवलं. गावातली माणसं खाली बघत उभी होती. सगळ्यांच्या टोपल्या रिकाम्या होत्या, असं म्हणतात.

तेव्हा बारकायचा जीव विटला. "लागो आग तुमच्या कायद्याला!" असं म्हणून ती वळली आणि घरी गेली. लोकांना वाटलं, बरं झालं, गेली.

घरी जाऊन तिनं चुलीवरचं मडकं बाहेर ठेवलं. भिंतीला तळहात लावून ती थोडा वेळ उभी राहिली. भिंत गेली की जागा गेली, आणि जागा गेली की आपल्याला या जगात पाठ टेकायला कुठं ठिकाण नाही, हे तिला चांगलं कळत होतं. तिला रडू आलं. रडू आलं म्हणून तिला आणखी राग आला, आणि तिनं त्या रागातच भिंतीला खांदा दिला.

कुडासकट भिंतीचा तुकडा डोक्यावर घेऊन ती बांधावर आली तेव्हा चौघेही एकदम ओरडले.

"बांधाला हात लावू नकोस!" कारकून म्हणाला.

"बांधाला कुठं लावते? बांध होता तिथं आता भोक हाय. भोक बी सरकारचंच काय?"

"माती माझी आहे," खोत म्हणाला.

"तुमच्या आज्यानं माझ्या सासऱ्याला घरासाठी दिलेली. सारवून सारवून माझी झाली."

जोशीबुवांनी तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, "खनलं नाय, बुवा. तोडलं बी नाय. माती कवाच खनलेली, काठ्या कवाच तोडलेल्या." जोशीबुवांनी मनातल्या मनात पोथ्या चाळल्या. घर पाडू नये, असं त्यांना कुठं वाचल्याचं आठवेना.

"आता कुनी चढनार नाय हितं," पोशा पाटील म्हणाला.

"नका चढू. उभं रावा नि बघा."

आणि ते खरंच बघत उभे राहिले! एक बाई आपलं घर डोक्यावरून वाहून खांडीत घालते आहे आणि अख्खं गाव टोपल्या धरून बघतं आहे. एक भिंत संपली. दुसरी संपली. भरती लागली, पाणी पायाशी आलं. तेवढ्यात गावाकडून पाटलीण आली, म्हणजे पोशा पाटलाची बायको. तिच्या डोक्यावर पाटलाच्याच ओटीच्या भिंतीचा तुकडा होता.

"काय गो ये? वाळीत पडशील!" पाटील ओरडला.

"टाका! बांधाच्या आत माझा भात हाय. खारं पानी शिरल्यावर पंगतीला पंच काय चिखल खानार?"

तिच्यामागून, जिला विस्तव दिला होता ती बाई आली. ती खाली मान घालून आली, पण तिची टोपली सगळ्यांत जड होती. मग रिकाम्या टोपल्या घेऊन उभे असलेले सगळेच आपापल्या भिंती फोडून आणायला घराकडे पळाले. वाळीत पडायला एवढी गर्दी झाली, की शेवटी पोशा पाटलानंही टोपली उचलली. जातीत एकटं राहून तो तरी काय करणार?

त्या दिवशी खाडीचं पाणी बारकायच्या पायाशी येऊन थांबलं आणि खांड बुजेपर्यंत पुढे सरकलं नाही, असं म्हणतात. खाडीही त्या चौघांचं ऐकून कंटाळली असेल.

खांड बुजली. बारकायच्या चारही भिंती बांधात गेल्या. जागेवर उरली ती चूल. बारकाय चुलीपाशी बसून भात शिजवत होती, तोच खोत आला. लाज म्हणून काही नसतेच काही लोकांना.

"बारकाय, भिंती गेल्या. आता जागा सोड."

बारकायनं मान वर केली. ती इतकी थकली होती की तिला ओरडताही येईना.

"खोत, तुमचा कायदा काय? भिंती उभ्या तवर जागा माझी. मंग माझ्या भिंती उभ्या हायत. त्या काय, बांधात. त्या भिंतींच्या आत जेवढं हाय तेवढं घर माझं."

खोतानं बांधाकडे पाहिलं. बांधाच्या आत शेतं होती, तळं होतं, सगळं गाव होतं आणि खोताचा वाडाही होता. तो आला तसा निघून गेला. त्याचाच कायदा होता, तो कुणाकडे फिर्याद करणार?

पंच जमले. बारकायचं काय करायचं, हा प्रश्न पुन्हा निघाला. पाटलीण म्हणाली, तिच्याच घरात बसून तिलाच बाहेर काय काढता? पंच उठून गेले. त्यानंतर तळखारात कुणालाही वाळीत टाकलं गेलं नाही.

बारकाय गेली त्यालाही आता फार वर्षं झाली. आज बांधाला दगडाचं अस्तर आहे, घरं सिमेंटची आहेत. पण तळखारात प्रत्येक अंगणात हातभर उंचीची मातीची एक भिंत राखलेली असते, आणि नागपंचमीला त्या भिंतीचं एक ढेकूळ बांधावर नेऊन ठेवतात. त्या वेळी कुणी कायदा काढलाच, तर त्याला दोन टोपल्या जास्त वाहाव्या लागतात. जिथं खांड पडली होती तिथं लोक चपला काढून चढतात. मोठे साहेब पाहणीला आले तरी त्यांना सांगतात, बूट काढा, घर आहे.

भांडणं तिथंही होतात, माणसंच ती. कुणी तावातावानं दुसऱ्याला म्हणतं, "चल, नीघ माझ्या गावातून!" तेव्हा समोरचा जागचा हलत नाही. तो एवढंच म्हणतो, "घर बारकायचं हाय. तिला इचारून ये."